वाचक विचारतात: आडोसाच नाही, तर लपायचं कुठं?

मागच्या अंकात ऑक्टोपसबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात लिहिलं होतं, की खोल समुद्रातल्या प्राण्यांना आडोसा मिळत नाही, तरीही ते लपतात. कसे लपतात, ते लिहायला जागा उरली नव्हती. त्यावर पत्रं आली, फोनवर निरोप आले. एका जुन्या विद्यार्थ्यानं तर मला मोंढ्यात गाठून तुरीच्या पोत्यांशेजारीच हा विषय काढला. आपल्या मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र लागत नाही, पण त्यानं उत्सुकतेला काही फरक पडत नाही. म्हणून यावेळचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, गावं छापतो.

सर, हजार मीटर खाली काळामिट्ट अंधार राहतो म्हणतेत. मग अंधारात लपायचं कामून? आमच्या उसात रात्री डुकरं येतेत, ती काय रंग बदलून येतेत का? (शेतकरी, ता. गेवराई, जि. बीड)

दादा, डुकराला रंग बदलायची गरज नाही, कारण तुमचा ऊसच त्याचा आडोसा आहे. भर समुद्रात, मधल्या पाण्यात, ऊस नाही, दगड नाही, गवताची काडी नाही. वर पाणी, खाली पाणी, चहूबाजूंनी पाणी. आणि अंधाराचं म्हणाल, तर तो सरसकट नसतो. वरचे साधारण २०० मीटर उजेडाचे. शेवाळ जगेल एवढं ऊन तिथपर्यंत पोचतं. २०० ते १,००० मीटर हा संधिप्रकाशाचा पट्टा, आणि त्याखाली ऊन पोचत नाही. पण तिथंही डोळे मिटून बसता येत नाही, कारण तिथले प्राणी स्वतःच उजेड पाडतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर पृष्ठभागापासून ४,००० मीटरपर्यंत अनेक वर्षं घेतलेल्या चित्रफिती तपासून शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडलं, की मधल्या पाण्यात दिसलेल्या प्राण्यांपैकी सुमारे ७६ टक्के प्राणी उजेड पाडू शकणाऱ्या गटांतले होते.

लपाछपीचा खरा खेळ चालतो तो संधिप्रकाशाच्या पट्ट्यात. तुमच्या शिवारात जुनी खोल विहीर असेल, तर गाळ काढायला उतरलेल्या गड्याला विचारा. वर पाहिलं की आभाळाचा पांढरा गोल दिसतो आणि काठावरून कुणी डोकावलं तर तो कोण ते कळत नाही. नुसतं काळं डोकं दिसतं. खालून बघणाऱ्या शिकाऱ्याला वरचा मासा असाच दिसतो. म्हणून तिथल्या कित्येक शिकारी माशांचे डोळे नळीसारखे लांबट आणि थेट वर वळलेले असतात. त्यांना वरच्या सावल्याच टिपायच्या असतात.

आता सावली मोडायची कशी? काळं व्हावं तर ती जास्तच उठून दिसते. त्यावर निघालेली तोड अशी, की पोटाखाली दिवे लावायचे. हॅचेटफिश नावाचा काही सेंटिमीटरांचा मासा बाजूंनी इतका चपटा असतो, की खालून बघणाऱ्याला त्याची पातळ कडच दिसते. त्या कडेवर खाली तोंड केलेल्या प्रकाशग्रंथींची ओळ असते. वरून येणाऱ्या उजेडाएवढाच, त्याच निळसर छटेचा उजेड तो पोटातून खाली सोडतो. वरचा उजेड मंदावला की याचाही मंदावतो. सावलीची जागा उजेडानं भरून निघाली, की खालच्याला वर नुसतं पाणी दिसतं. लँटर्नफिश म्हणजे कंदीलमासे, कित्येक म्हाकूळ (इंग्रजीत स्क्विड, ऑक्टोपसचे नातेवाईक), काही कोळंब्या, एवढंच काय काही लहान शार्कसुद्धा हेच करतात. ही नुसती कल्पना नाही. यंग आणि रोपर या दोघा शास्त्रज्ञांनी जिवंत म्हाकुळांवर वरून उजेड टाकून पाहिला. उजेड कमी-जास्त केला तसे म्हाकुळांनी पोटाखालचे दिवे कमी-जास्त केले. हे काम १९७६ मध्ये प्रसिद्ध झालं.

शिकारीही स्वस्थ बसलेला नाही. काही खोल पाण्यातल्या माशांच्या डोळ्यांतली भिंगं पिवळी असतात. सूर्याचा निळा उजेड आणि प्राण्यांचा उजेड यांच्या छटेत जो बारीक फरक राहून जातो, तो पिवळ्या भिंगातून जास्त उठून दिसतो. म्हणजे दिवे लावून लपलेला त्या दिव्यांमुळेच सापडतो. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वांत रंगतदार गोष्ट ही आहे. समुद्रात ‘लपणं’ असं सुटं काही नसतं. कोण बघतंय, कुठून बघतंय आणि कुठल्या उजेडात बघतंय, यावर ते ठरतं. पुढचीही उत्तरं याच तीन प्रश्नांभोवती फिरणार आहेत.

पुस्तकातल्या चित्रात खोल समुद्रातली कोळंबी लालभडक आहे. लाल रंग तर लांबून दिसतो. मग ती लपते कशी? (इयत्ता नववी, औसा, जि. लातूर)

बेटा, चित्र काढणाऱ्यानं जवळ दिवा नेला म्हणून तुला ती लाल दिसली. लाल वस्तू लाल दिसायला तिच्यावर लाल उजेड पडावा लागतो. पाणी सगळ्यांत आधी लाल उजेडच शोषून घेतं. वरच्या दहा-वीस मीटरांतच तो जवळजवळ संपतो. सगळ्यांत खोल पोचतो तो निळा. खाली प्राणी जो उजेड पाडतात, तोही बहुतेक निळा किंवा निळसर हिरवा. लाल कवच हा निळा उजेड गिळून टाकतं, परत काहीच पाठवत नाही. म्हणून तिथं तुझी लालभडक कोळंबी काळी असते, आणि काळ्या पाण्यात काळं दिसायचं कसं? शिवाय तिथल्या बहुतेक माशांच्या डोळ्यांना लाल दिसतच नाही.

बहुतेक म्हणालो, सगळ्या नाही. मॅलाकोस्टियस नावाच्या माशाच्या डोळ्याखाली लाल उजेड टाकणारी ग्रंथी असते. तो लाल उजेड टाकतो आणि तो बघूही शकतो. समोरच्या कोळंबीला आपल्यावर उजेड पडलाय याचा पत्ताच लागत नाही. त्याला लाल कसं दिसतं, याचं उत्तर १९९८ मध्ये सापडलं आणि ते ऐकून वर्गात मुलं नेहमी ‘काहीतरीच काय सर’ म्हणायची. त्याच्या डोळ्यात हरितद्रव्यापासून बनलेला एक पदार्थ असतो. हो, झाडाच्या पानात असतं तेच हरितद्रव्य. वरच्या पाण्यातलं शेवाळ बारीक जीव खातात, ते जीव या माशाच्या पोटात जातात आणि त्या वाटेनं ते डोळ्यापर्यंत पोचत असावं, असं मानतात.

तू कदाचित पुढं विचारशील, की लाल होण्यापेक्षा पारदर्शकच का नाही व्हायचं. होतात की! काही म्हाकुळांचं सगळं अंग पारदर्शक असतं. पण पोटातली पचनग्रंथी काही पारदर्शक करता येत नाही. मग ते म्हाकूळ अंग कसंही वळवलं तरी ती लांबट ग्रंथी उभीच ठेवतात, म्हणजे खालून तिची सावली लहानात लहान पडते. डोळेही लपत नाहीत, म्हणून डोळ्यांखाली दिवे.

पारदर्शकपणाची एक अडचण आहे. वरून येणाऱ्या मंद उजेडात तो उत्तम चालतो, पण कुणी समोरून झोत टाकला की अंग चमकून उठतं. तिथं लाल बरा. पण लाल अंगाची वरच्या उजेडात सावली पडते. जॅपेटेला नावाच्या छोट्या ऑक्टोपसनं दोन्ही जवळ ठेवलंय. एरवी तो पारदर्शक असतो. निळा झोत अंगावर पडला, की त्याच्या कातडीतल्या रंगपेशी पसरतात आणि डोळ्यांदेखत तो तांबूस होतो. झोत गेला की पुन्हा पारदर्शक. २०११ मध्ये दोघा शास्त्रज्ञांनी हे जहाजावर प्रयोग करून दाखवलं. लाल झोत टाकला तेव्हा तो बदलला नाही.

आणि एक सांगून थांबतो. जेलीफिशसारख्या काही पारदर्शक जीवांचं फक्त पोट गडद लाल असतं. गिळलेलं भक्ष्य पोटात जाऊनही चमकत राहिलं, तर खाणाऱ्याचा ठावठिकाणा बाहेर फुटेल. म्हणून पोटालाच पडदा!

माझा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. काळी शेरवानी आणि काळं मखमल नीट टिपायला किती त्रास होतो ते मला विचारा. ज्याचा फोटोच येत नाही असा मासा आहे म्हणे. हे खरं की थाप? (फोटोग्राफर, जालना)

फोटो येतो, पण त्यात माशाच्या आकाराचं भोक दिसतं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या कॅरेन ऑसबॉर्न यांना नेमकी हीच अडचण आली होती. खोल पाण्यातून आणलेल्या माशाला कितीही दिवे लावले, तरी कॅमेऱ्यात अंगावरचे तपशील उतरेनात. मग ड्यूक विद्यापीठातल्या अलेक्झांडर डेव्हिस आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी अशा माशांच्या कातडीवरून किती उजेड परत येतो ते मोजलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १६ जाती अशा निघाल्या, की पडलेल्या उजेडातला अर्ध्या टक्क्याहूनही कमी उजेड त्या परत पाठवतात. त्यांत सगळ्यांत काळी निघाली ती अँगलरफिशची एक जात. दहा हजार भाग उजेड टाकला तर परत आले चार. तुमच्या शेरवानीचं कापड याच्या जवळपासही जाणार नाही.

कारागिरी कातडीत आहे. माणसाच्या कातडीत जे मेलॅनिन असतं तेच यांच्यातही आहे, फक्त त्याचे कण विशिष्ट मापाचे, विशिष्ट आकाराचे आणि एकमेकांना खेटून बसलेले. एका कणानं उजेड शोषला नाही, तर तो बाहेर न फेकता बाजूच्या कणाकडं ढकलतो. तिथं तो संपतो. हे सगळं एका पातळ थरात होतं.

‘सावलीच मोडायची तर काळं कशाला?’ असं गेवराईचे दादा विचारतील. इथं बघणारा खाली नाही, समोर आहे, आणि उजेड सूर्याचा नाही, शिकाऱ्याच्याच अंगावरचा आहे. त्याच अभ्यासातल्या हिशोबानुसार, परत जाणारा उजेड २ टक्क्यांवरून ०.०५ टक्क्यांवर आणला, तर मासा दिसण्याचं अंतर सहापटीनं घटतं. लपणाऱ्याइतकंच हे दबा धरणाऱ्यालाही लागू आहे. स्वतःच दिवा धरून बसलेल्या शिकाऱ्यानं त्या दिव्यात स्वतःचा जबडा दाखवून कसं चालेल?

मिसळून जाणं आणि सोंग घेणं या दोन वेगळ्या गोष्टी, असं मी वर्गात शिकवते. सोंगाची खोल समुद्रातली उदाहरणं मिळतील का? पुस्तकात फक्त फुलपाखरंच आहेत. (विज्ञान शिक्षिका, नांदेड)

मॅडम, तुम्ही बरोबर शिकवता. मिसळून जाणारा ‘मी इथं नाहीच’ म्हणतो, सोंग घेणारा ‘मी दुसराच कुणीतरी आहे’ म्हणतो. फुलपाखरांच्या धड्यात सोंग बहुतेक जीव वाचवायला असतं. खोल समुद्रातली जी उदाहरणं चांगली माहीत आहेत, त्यांत ते भक्ष्य ओढायला असतं.

अँगलरफिशची मादी तर प्रसिद्धच आहे. डोक्यावरच्या काठीच्या टोकाला गोळा, गोळ्यात उजेड पाडणारे जीवाणू. जवळ आलेल्याला तो चमकणारा घास वाटतो.

माझं आवडतं उदाहरण मात्र ग्रिमाल्डिट्यूथिस हे म्हाकूळ आहे. म्हाकुळाचे दोन लांब बाहू भक्ष्य पकडायला असतात, त्यांच्या टोकांना चूषक म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्या किंवा आकडे असतात. याच्या बाहूंना चूषक नाहीत, आकडे नाहीत, दिवेही नाहीत. मग ते करतात काय? दूरनियंत्रित पाणबुडीनं टिपलेलं त्याचं चित्रण २०१३ मध्ये मांडलं गेलं. त्यात त्या बाहूंची पसरट टोकं फडफडत, जणू स्वतंत्रपणे पोहताना दिसतात. लहान प्राणी पोहत चाललाय असं भासवून भक्ष्याला जवळ बोलवायचं, असा संशोधकांचा तर्क आहे. प्रत्यक्ष शिकार त्यात दिसलेली नाही. मुलांना हा फरक जरूर सांगा.

एरेना नावाच्या सायफोनोफोरची गोष्टही अशीच. जेलीफिशसारख्या असंख्य घटकांची ही लांब वसाहत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर १,६०० मीटरहून खोल मिळाली. तिच्या दंशपेशींच्या झुपक्यांमध्ये लाल चमकणारे ठिपके आहेत आणि ते झटके देत हलतात. तिच्या पोटात मासे सापडले. ठिपके म्हणजे आमिष, असा निष्कर्ष २००५ मध्ये मांडला गेला. पण औशाच्या मुलीला मी आत्ताच सांगितलंय, की तिथल्या बहुतेक माशांना लाल दिसत नाही. ही गाठ संशोधकांनाही दिसली होती. कदाचित आपण समजतो त्याहून जास्त माशांना लाल दिसत असेल, असं त्यांनी सुचवलं.

तिसरं उदाहरण कुकीकटर शार्कचं. जेमतेम अर्ध्या मीटरचा हा शार्क ट्यूनाच्या आणि देवमाशाच्या अंगातून गोल लचका काढून पसार होतो. अमेरिकेच्या पाणबुड्यांच्या रबरी आवरणालाही त्यानं दात लावले आहेत. त्याच्या पोटाखाली दिवे आहेत, फक्त गळ्याजवळचा एक पट्टा काळा. शास्त्रज्ञ एडिथ विडर यांनी १९९८ मध्ये तर्क मांडला, की अंग उजेडात विरघळतं, काळा पट्टा तेवढा उरतो आणि खालून येणाऱ्या मोठ्या माशाला तो लहान मासा वाटतो. तर्क देखणा आहे. तसं घडताना कुणी पाहिल्याचं मात्र मला माहीत नाही, म्हणून परीक्षेत हे ‘सिद्ध झालं’ म्हणून विचारू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आलाय, ‘समुद्राच्या तळाशी राहणारा बहुरूपी ऑक्टोपस’. तो साप होतो, मासा होतो. यावर लिहा. (दुकानदार, उदगीर, जि. लातूर)

ऑक्टोपस खरा, ‘तळाशी’ या शब्दानं गैरसमज होतो. तो इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळ १९९८ मध्ये पहिल्यांदा शास्त्रज्ञांच्या नजरेस आला आणि २००५ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं. राहतो उथळ पाण्यातल्या वाळूत-गाळात, दिवसाउजेडी. समुद्री साप, चपटा मासा, लायनफिश यांच्यासारखा तो दिसतो. पण रंगांचं एवढं सोंग चालायला बघणाऱ्याकडं भरपूर उजेड हवा. हजार मीटरवर ते कुणाला दिसणार? खोल पाण्यातल्या अनेक ऑक्टोपसांकडं रंगपेशी कमी असतात आणि शाईची पिशवीही नसते. तो व्हिडिओ पुढं पाठवायला हरकत नाही, वरची ओळ तेवढी पुसा.

मी फौजेतून निवृत्त झालोय. आम्ही झाडपाला अंगावर घेऊन लपायचो. दिवे लावून लपायची युक्ती फौजेनं कधी वापरली का? (निवृत्त सुभेदार, कळंब, जि. धाराशिव)

सुभेदारसाहेब, वापरून पाहिली. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या नौदलानं जहाजांच्या बाजूंवर दिवे लावून रात्रीच्या आभाळाच्या उजेडाशी जहाज मिळवून बघितलं. १९४३ पासून अमेरिकेनं ‘येहुदी’ या सांकेतिक नावाखाली विमानांच्या पंखांच्या पुढच्या कडांना आणि नाकाला दिवे बसवले. पाणबुडीवर चालून येणारं विमान उजळ आभाळात काळा ठिपका म्हणून लांबूनच दिसायचं. पाणबुडी तेवढ्यात बुडी मारायची. दिव्यांची तीव्रता आभाळाशी जुळवली की ठिपका बराच जवळ येईपर्यंत दिसत नसे. पण तोवर रडार आलं आणि ही युक्ती मागं पडली. रडारला डोळे नसतात. हॅचेटफिशचं नशीब, त्याच्या शत्रूंकडं रडार नाही.

आमच्याकडं येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचे मासे येतात, कधी बर्फातला बांगडा. त्यांच्यात यातलं काही बघायला मिळेल का? (गृहिणी, हिंगोली)

मिळेल. ताई, पुढच्या वेळी रोहू घेताना तो कापायला देण्याआधी वरून, बाजूनं आणि पोटाकडून बघा. पाठ गडद, बाजू चंदेरी, पोट फिकट. बांगड्यात तर हे फारच स्पष्ट दिसतं. वरून बघणाऱ्याला गडद पाठ खालच्या गडद पाण्यात मिसळते, खालून बघणाऱ्याला पोट वरच्या उजेडात. चंदेरी बाजू म्हणजे ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या बारीक स्फटिकांचे आरसे. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या प्रयोगशाळेत एरिक डेंटन यांनी दाखवलं, की माशाचं अंग गोलसर असलं तरी हे आरसे पाण्यात जवळजवळ उभेच बसवलेले असतात. त्यामुळं बाजूनं बघणाऱ्याला त्यांत फक्त शेजारच्या पाण्याचा उजेड दिसतो. हॅचेटफिशच्या बाजू याच तत्त्वावर चंदेरी आहेत. दिवे तेवढे रोहूकडं नाहीत.

बाजारात येत नाहीत, पण आपल्याच अरबी समुद्रात कंदीलमासे प्रचंड आहेत. उत्तर अरबी समुद्र आणि ओमानचं आखात ही त्यांची जगातल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक. दिवसा ते खाली, प्राणवायू फार कमी असलेल्या थरात उतरतात, रात्री खायला वर येतात. अंधारात वर, उजेडात खाली. आडोसा नसलेल्यानं वेळेचा आडोसा घेतला म्हणा.

मला हेच शिकायचं आहे. कुठं जावं लागेल? आणि सर, मला पोहता येत नाही, चालेल का? (बी.एस्सी. दुसरं वर्ष, परभणी)

प्राणिशास्त्र ठेव, पण भौतिकशास्त्रातलं प्रकाशाचं प्रकरण सोडू नकोस. वरची सगळी उत्तरं निम्मी तिथलीच आहेत. एम.एस्सी.ला सागरी जीवशास्त्र घेता येतं. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात आहे. कोचीला सागरी सजीव संपत्तीचा अभ्यास करणारं केंद्र सरकारचं केंद्र आहे, त्यांचं ‘सागर संपदा’ हे संशोधन जहाज आहे. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था तीन माणसांना ६,००० मीटरपर्यंत नेण्यासाठी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी तयार करते आहे.

पोहण्याचं म्हणशील, तर या विषयात पाण्यात उतरणारे कमी, पडद्यासमोर बसून चित्रफितीतला प्रत्येक जीव नोंदवणारे जास्त. तरी जहाजावर जायचं झालं तर पोहणं शिकून घे, सुट्टीत शहरातल्या तलावावर जा. बोट लागते का, हे मात्र बोटीवर गेल्यावरच कळतं. त्याची तालीम परभणीत होत नाही.